मॅट्रॉक्सचं पुढचं कार्ड किती मॉनिटर चालवेल?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात सहा मॉनिटरांचं टेबल मांडायचंय. मॅट्रॉक्स या कंपनीचं लुमा मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातून मॉनिटरला चित्र पाठवणारं कार्ड, पसंत पडलंय, पण त्याला चारच आउटपुट आहेत. इंटेलच्या नव्या बॅटलमेज चिपवर मॅट्रॉक्स पुढचं कार्ड काढेल आणि त्या एका कार्डावर सहा-आठ मॉनिटर चालतील, असं कानावर आलंय. तर तोवर थांबावं का?

थांबू नका. पुढचं कार्ड येईल, बहुधा बॅटलमेजवरच येईल, पण एका चिपवर सहा मॉनिटर येतील असं मला वाटत नाही. मी गेली बावीस वर्षं मुंबई-पुण्यात दलाल पेढ्यांची टेबलं, पंपिंग स्टेशनांचे कंट्रोल रूम आणि सीसीटीव्हीच्या भिंती बसवतोय. त्या अनुभवावर हा आडाखा बांधलाय. तो कसा, ते नीट सांगतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्या कार्डाची बातमी आली तरी तुम्हाला स्वतःच ताडून बघता येईल.

कार्ड विकत घेताना आपण त्याच्या पाठीमागची भोकं मोजतो. चार पोर्ट, म्हणजे चार मॉनिटर. खरा आकडा मात्र चिपच्या आत असतो. चित्र कार्डाच्या मेमरीत तयार होऊन पडलेलं असतं. ते ओळीओळीने वाचून, सेकंदाला साठ वेळा, ठरलेल्या तालात पोर्टापर्यंत पोचवणारी एक स्वतंत्र यंत्रणा चिपमध्ये कोरलेली असते. इंटेलवाले तिला पाइप म्हणतात, एनव्हिडियावाले हेड म्हणतात. वेगळं चित्र दाखवणाऱ्या प्रत्येक मॉनिटरला स्वतःचा एक पाइप लागतो. पाइप चार असतील तर बाहेर दहा पोर्ट काढले तरी वेगवेगळी चित्रं चारच दिसणार. चिप एकदा बनली की हा आकडा ड्रायव्हरने वाढत नाही.

आता मॅट्रॉक्सचा इतिहास या नजरेने बघा. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या डॉर्व्हालमधली ही कंपनी १९७६ सालची. लॉर्न ट्रॉटिये आणि ब्रँको मॅटिच या दोघांनी ती काढली आणि दोघांच्या आडनावांतून कंपनीचं नाव झालं. १९९९ च्या जी-४०० कार्डाने साध्या पीसीवर दोन मॉनिटर ही गोष्ट घराघरात नेली. २००२ मध्ये पार्हेलिया आलं, तीन मॉनिटरवर पसरून गेम खेळता येणारं. त्या काळी ही चिप कंपनीची स्वतःची होती, त्यामुळे किती पाइप ठेवायचे हे मॅट्रॉक्स ठरवत असे. पार्हेलिया गेमच्या वेगात मागे पडलं, त्याच वर्षी आलेल्या एटीआयच्या रेडिऑन ९७०० ने बाजार मारला आणि मॅट्रॉक्स हळूहळू ऑफिसं, कंट्रोल रूम, व्हिडिओ वॉल या आपल्या हक्काच्या कामाकडे वळली. २०१४ मध्ये तिने जाहीर केलं की पुढच्या कार्डांवर एएमडीची चिप असेल. २०१९ मध्ये डी मालिकेसाठी एनव्हिडियाची क्वाड्रो जातीची चिप घेतली. २०२३ मध्ये लुमा आली, ती इंटेलच्या आर्क या ग्राफिक्स चिपांवर.

आणि आउटपुटचे आकडे? एएमडीच्या काळातल्या सी-६८० ला सहा, कारण एएमडीच्या चिपमध्ये सहाची सोय होती. एनव्हिडियाच्या चिपवरच्या डी-१४५० ला चार. इंटेलच्या चिपवरच्या लुमाला चार. सहाचे चार झाले म्हणून लोक मॅट्रॉक्सवर रुसले होते, मीही नाराज होतो. पण ज्याची चिप त्याचा आकडा. नऊ आउटपुटवालं सी-९०० हे कार्डही एएमडीच्याच काळातलं, पण त्याचं प्रत्येक आउटपुट १९२०×१०८० पाशी थांबतं.

बॅटलमेजमध्येही पाइप चारच आहेत. इंटेलचं बी-५८० घ्या, की ऑफिसकामासाठीचं आर्क प्रो बी-५० घ्या, मॉनिटर चार. त्यामुळे मॅट्रॉक्सने यातली चिप घेऊन कार्ड काढलं तर एका चिपमागे चार मॉनिटर, हे मी छातीठोकपणे सांगेन. आठ हवे असतील तर एकाच बोर्डावर दोन चिपा बसवाव्या लागतात. हा मार्ग जुनाच आहे. एनव्हिडियाने २०१५ च्या एनव्हीएस-८१० कार्डावर दोन चिपा बसवून आठ मिनी डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरच्या केबलीचे छोटे पोर्ट) दिले होते. त्याचं पत्रक मात्र बारकाईने वाचावं लागे: ४के मॉनिटर आठ लावले तर ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं; ६० हर्ट्झ हवं असेल तर मॉनिटर चारच. तीस हर्ट्झवर माउसचा बाण कसा अडखळत सरकतो हे ज्याने पाहिलंय तो दिवसभर त्या टेबलावर बसणार नाही.

लुमाच्या पत्रकातही अशीच एक ओळ आहे. चार मॉनिटर ५के आणि ६० हर्ट्झवर चालतात. ८के ६० किंवा ५के १२० हवं असेल तर दोनच. कारण तेच. इतकं मोठं चित्र एका पाइपला झेपत नाही, दोन पाइप जोडून ते ओढावं लागतं, आणि चाराचे दोन होतात. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांवरही फार वेगवान मॉनिटर लावला की आतून दोन हेड खर्ची पडतात आणि शेजारचा पोर्ट मुका होतो. गिऱ्हाईक म्हणतं पोर्ट जळला. पोर्ट ठणठणीत असतो.

यावर एक हुशार शंका हमखास येते: नवा डिस्प्लेपोर्ट २.१ इतका रुंद आहे, मग एकाच केबलवरून सहा मॉनिटर का नाहीत? हिशेब करून बघू. ४के मॉनिटर म्हणजे ३८४०×२१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा, दर ठिपक्याला २४ बिट, असे सुमारे १२ गिगाबिट. दोन चित्रांमधली मोकळी जागा धरून साडेबारा. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.४ च्या केबलमधून प्रत्यक्ष कामाचे जवळपास २६ गिगाबिट जातात, म्हणजे दोन ४के. नव्या २.१ च्या सर्वांत वरच्या वेगात ७७ च्या आसपास जातात, म्हणजे कागदावर सहा मावतात. एका केबलवरून अनेक मॉनिटर नेण्याची सोयही डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आहे. तिला एमएसटी म्हणतात. पण एमएसटीने केबल वाचते, पाइप वाचत नाही. त्या माळेतल्या प्रत्येक मॉनिटरला आत आपापला पाइप हवाच. रस्ता आठपदरी केला म्हणून डेपोतल्या गाड्या वाढत नाहीत, तसं हे आहे.

तरी पुढच्या कार्डात २.१ चा उपयोग होईलच, पण वेगळ्या जागी. भिंतीवरच्या मॉनिटरांना कार्डापासून चार केबली ओढण्याऐवजी एक ओढायची आणि तिथे हब लावायचा. कंट्रोल रूमवाल्यांना ही मोठी सोय. तुमच्या टेबलाला तिचा फारसा लाभ नाही, आणि मॅक वापरणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. मॅकओएस एमएसटीवर वेगवेगळी चित्रं देत नाही, दोन्ही मॉनिटरवर एकच दाखवतं.

माझ्या मते पुढच्या कार्डाची खरी अडचण उष्णतेची असेल. लुमामधलं ए-३१० मला आवडतं ते त्याला पंखा नाही म्हणून. आपल्याकडे पंखा हा कार्डाचा सर्वांत अशक्त अवयव आहे. एका पेढीत टेबलाखालचं कॅबिनेट उघडलं तेव्हा कार्डाच्या पंख्यावर उदबत्तीची राख, गालिच्याचे तंतू आणि सर्द हवेतली धूळ यांचा असा थर बसला होता की पातं बोटाने ढकललं तरी फिरेना. वर गणपतीचा देव्हारा होता, रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी तिथे उदबत्ती लागायची. कार्ड तापून बंद पडायचं ते बरोबर दुपारी, एसी कमी केल्यावर. बिनपंख्याचं कार्ड असतं तर वर्षातून एकदा ब्रश फिरवून भागलं असतं.

आता बघा, लुमाच्या ए-३१० आणि ए-३८० मधली चिप १५७ चौरस मिलिमीटरची आहे. बी-५८०, बी-५७० आणि प्रो बी-५० या तिन्ही कार्डांमधली बॅटलमेज चिप २७२ चौरस मिलिमीटरची. प्रो बी-५० छोटं कार्ड आहे, ७० वॉटचं, वेगळी वीजजोडणी लागत नाही, पण त्याने दोन स्लॉट अडवलेत आणि त्यावर पंखा आहे. एवढी चिप एका स्लॉटात, अर्ध्या उंचीच्या पट्टीवर, पंख्याशिवाय थंड ठेवायची तर तिचा वेग बराच कापावा लागेल. मॅट्रॉक्स तसं करू शकते. तिच्या गिऱ्हाइकाला गेम खेळायचे नसतात. पण मग जास्तीची ताकद गेली आणि मोठ्या चिपची किंमत तेवढी राहिली. म्हणून माझा आडाखा असा की बॅटलमेजवर मॅट्रॉक्सने काही काढलं तर ते आधी वरच्या दर्जाचं, पंखा असलेलं, व्हिडिओ वॉलसाठीचं असेल, आणि बिनपंख्याचं छोटं ए-३१० बरीच वर्षं तसंच विकत राहील. या कंपनीचा धंदाच दीर्घकाळ तेच कार्ड मिळत राहण्यावर चालतो. मेट्रोचा किंवा वीजकेंद्राचा कंट्रोल रूम एकदा मंजूर झाला की आठ वर्षांनी खराब झालेल्या कार्डाच्या जागी नेमकं तेच कार्ड मागतात.

चिपचा पुरवठादार बदलेल का? २०१४, २०१९, २०२३ या तारखा पाहिल्या तर मॅट्रॉक्स चार-पाच वर्षांनी घर बदलते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं आणि इंटेलच्या प्रोसेसरला एनव्हिडियाचं ग्राफिक्स जोडण्याचा करार झाला. तेव्हापासून आर्कच्या भवितव्याची चर्चा आहे. मला वाटतं इंटेलची चिप सोडण्याचं कारण मॅट्रॉक्सला इतक्यात नाही. स्वस्त आहे, चार पाइप आहेत, एव्ही-१ या पद्धतीने व्हिडिओ एन्कोड करता, म्हणजे दाबून लहान करता येतो, आणि स्क्रीनवरचं चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या खोलीत पाठवायच्या कामात तेच लागतं. परत एएमडीकडे जाऊन सहा आउटपुट मिळतील, अशी आशा धरणाऱ्यांनी एएमडीचीच व्यावसायिक कार्डं बघावीत: २०२१ च्या डब्ल्यू-६८०० ला सहा मिनी डिस्प्लेपोर्ट होते, त्यानंतरच्या डब्ल्यू-७९०० ला चार. जे सहावाले होते तेही चारावर आले. मॉनिटर मोठे झाले, रुंद झाले, आणि सहा छोट्यांऐवजी तीन मोठे घेणारे लोक वाढले. चिपवरची जागा कंपन्या त्या हिशेबानेच वाटणार.

थोडं अॅडॅप्टरविषयी, कारण मॉनिटर न लागण्याच्या तक्रारींत मला तेच सर्वांत जास्त सापडतं. २००९ मध्ये एएमडीने आयफिनिटी नावाची सोय आणली, रेडिऑन एचडी-५८७० या एका कार्डावर तीन मॉनिटर. त्या कार्डाला दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. लोकांनी दोन डीव्हीआयला आणि एक एचडीएमआयला लावला, आणि तिसरा काळा. मीही एका पेढीत शनिवारची आख्खी दुपार तीन वेगवेगळे मॉनिटर, दोन कार्डं बदलून घालवली होती. गोम अशी होती की डीव्हीआय आणि एचडीएमआयला प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळा घड्याळठोका लागतो आणि त्या चिपमध्ये असे ठोके देणारे दोनच होते. डिस्प्लेपोर्टचा ठोका ठरावीक असतो, त्यामुळे तिसरा मॉनिटर तिथेच लावायचा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नसेल तर अॅक्टिव्ह अॅडॅप्टर, ज्याच्या आत स्वतःची चिप असते. साधा, स्वस्त पॅसिव्ह अॅडॅप्टर कार्डाकडूनच तो ठोका मागतो. दिसायला दोन्ही सारखेच, दुकानदारालाही फरक सांगता येत नाही. त्या शनिवारी संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरून अॅक्टिव्ह अॅडॅप्टर आणला आणि लावताच तिसरी स्क्रीन उजळली. आजच्या कार्डांवर ही मर्यादा तशी राहिली नाही, पण माझ्या पिशवीत दोन अॅक्टिव्ह अॅडॅप्टर कायम असतात.

दुसरा त्रास काही न करता कार्ड तापण्याचा. भावांचे तक्ते उघडून ठेवलेत, कोणी माउसला हात लावत नाही, तरी कार्डाच्या मागच्या पट्टीला हात लावला तर चटका बसतो. मेमरीचा वेग कमी-जास्त करताना क्षणभर चित्र वाचता येत नाही, म्हणून कार्ड ते काम दोन चित्रांमधल्या मोकळ्या क्षणात उरकतं. एक मॉनिटर असेल तर तो क्षण ठरलेला. एक मॉनिटर ६० हर्ट्झचा, दुसरा १४४ चा, तिसरा ७५ चा असला की सगळ्यांचा मोकळा क्षण एकत्र कधी येतच नाही, आणि कार्ड निरुपायाने मेमरी पूर्ण वेगात ठेवतं. एएमडीच्या ७९०० मालिकेत २०२२ च्या शेवटी हा दोष इतका दिसला की कंपनीने ड्रायव्हरच्या टिपणात तो नोंदवला. नव्या चिपांनी यावर बरेच उपाय केलेत. तरी सहाही मॉनिटर एकाच मॉडेलचे, एकाच रिफ्रेश रेटचे घ्या, असं मी हट्टाने सांगतो. आर्कच्या कार्डांना आणखी एक गोष्ट लागते: बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एएसपीएम (कार्डाच्या जोडणीची वीजबचत) चालू करून एल-१ वर ठेवा आणि विंडोजच्या वीजबचतीतही तो पर्याय पूर्ण बचतीवर न्या. इंटेल स्वतः हे सुचवतं. शिवाय रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू हवा, म्हणजे इंटेलच्या दहाव्या पिढीआधीचं जुनं मशीन यासाठी वापरू नका.

विंडो उड्या मारण्याचा प्रश्नही येईल. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर झोपला किंवा कोणी बटणाने बंद केला की विंडोजला वाटतं केबलच काढली. सगळ्या विंडो पहिल्या स्क्रीनवर ढिगाने येऊन पडतात. विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. त्याने बहुतेक भागतं. भागलं नाही तर मॉनिटरची ओळखचिठ्ठी, म्हणजे ईडीआयडी, कार्डात साठवून ठेवता येते का ते बघा. व्यावसायिक कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय असते, आणि अशा कार्डाला दिलेले जास्तीचे पैसे माझ्या मते इथेच वसूल होतात.

आता तुमचं टेबल. सहा मॉनिटर, १०८० किंवा १४४० चे, तक्ते आणि ऑर्डरचं टर्मिनल. एवढ्याला ताकदवान कार्ड लागत नाही, पाइप सहा लागतात. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चार मॉनिटर लुमावर आणि दोन मदरबोर्डच्या पोर्टांवर. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरात, नावापुढे एफ नसेल तर, चार मॉनिटरपुरतं ग्राफिक्स असतंच. बायोसमध्ये दोन्ही ग्राफिक्स एकत्र चालू ठेवण्याचा पर्याय शोधावा लागतो, आणि मदरबोर्डला खरोखर दोन पोर्ट आहेत का ते आधी बघा. स्वस्त बोर्डांवर एकच असतो.

पण हे ऑफिस माझं असतं तर मी दोन कार्डं घेतली असती आणि मॉनिटर तीन-तीन वाटले असते. दुसरा लांब स्लॉट बहुतेक बोर्डांवर आतून चार लेनचाच, म्हणजे माहिती जायच्या चारच वाटांचा असतो, तक्त्यांना तेवढा पुरतो. फक्त बोर्ड घेताना दोन लांब स्लॉट आणि त्यांच्यात हवा खेळायला एखाद्या स्लॉटची फट आहे ना, एवढं बघा. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. नऊ वीसला एक कार्ड गेलं तर दुसऱ्यावरचे तीन मॉनिटर चालू राहिले पाहिजेत. म्हणून ऑर्डरची विंडो डावीकडच्या तिघांपैकी एकावर, नेट पोझिशनची उजवीकडच्या तिघांपैकी एकावर, आणि टर्मिनलचा मांडणीसंच असा साठवून ठेवायचा की एका बटणात दोन्ही विंडो एकाच बाजूला याव्यात. मिनी डिस्प्लेपोर्टची केबल स्क्रूने बसत नाही, टेबलाला धक्का लागला की निसटते. ती कॅबिनेटच्या मागच्या जाळीला वेल्क्रोने बांधा, आणि दोन्ही टोकांना एक ते सहा आकडे चिकटवा. सातवी केबल नवी, न उघडलेली, खणात.